छप्पर नसलेली हेरल्ड

(महाड–पोलादपूर परिसरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गॅरेजमध्ये काम करणारे तरुण यांच्यापुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'माहिती तंत्रज्ञान आणि आपला तरुण'. मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा बरं बोलणारे आहेत. मी एका जुन्या गाडीवर बोलतो. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, बोला, पण त्यातून काहीतरी निघालं पाहिजे. बघू काय निघतं ते.

मी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. कोविडनंतर महिन्यातले बरेच दिवस पोलादपूरला घरूनच करतो. साडेतीन वर्षं, दर शनिवारी, रविवारी आणि कित्येक रात्री मी घराच्या पडवीला लागून घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी उभी करत होतो. 'उभी करत होतो' म्हणजे जी उभ्या उभ्या मेली होती ती परत चालती करत होतो. गाडी १९६६ ची स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारांची, आणि छप्पर नसलेली. हे छप्पर का नाही, ते परत बसवायचं की नाही, यावर आमच्या शेडमध्ये जो वाद झाला तो मला तुम्हाला सांगायचा आहे. पण आधी गाडी कळली पाहिजे.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी हेरल्ड पाहिलेली नसणार. तुमच्या आजोबांना विचारा. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे तीनच नावं होती. कलकत्त्याकडची अ‍ॅम्बॅसेडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पहिल्या दोन दणकट, जाड पत्र्याच्या. हेरल्ड नाजूक, मागे शेपटासारखे कोपरे निघालेली. तिचा मूळ आराखडा इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती याचा. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली काढली आणि १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. इंजिन ९४८ सीसी, म्हणजे आजच्या छोट्या गाडीएवढंच. पुढे तिची चार दारांची आवृत्ती निघाली, ती फक्त आपल्याकडे. इंग्लंडमध्ये हेरल्डला चार दारं कधीच आली नाहीत.

ती ज्या पद्धतीने बांधली आहे ते मला फार आवडतं. त्या काळी युरोपात चेसिस आणि बॉडी एकजीव करण्याची चाल आली होती. पण तशी अख्खी बॉडी दाबून देणारा कारखाना ट्रायम्फच्या हाताशी उरला नव्हता, ज्याच्याकडून मिळायची तो प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला होता. म्हणून त्यांनी जुनी रीत धरली. खाली वेगळी लोखंडी चेसिस, आणि वर तुकड्यातुकड्यांची बॉडी नटबोल्टने आवळलेली. बोनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं मिळून एकच तुकडा, तो पुढच्या बाजूला उलटतो. आपण पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करू शकतो, चहाचा कप बॅटरीवर ठेवून. छप्परसुद्धा बोल्टवर. अडचणीतून निघालेला हा मार्ग, पण त्याने दोन गोष्टी झाल्या. सुटे भाग पेट्यांत घालून परदेशी पाठवून जोडणं सोपं झालं. आणि १९६२ मध्ये त्याच कंपनीने हीच चेसिस साडेआठ इंच आखूड करून तिच्यावर एक दोन आसनी स्पोर्ट्स कार बसवली. तिचं नाव स्पिटफायर. ती १९८० पर्यंत चालली, तीन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे ज्याच्या घरी हेरल्ड होती त्याच्या घरी स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण उभी होती, फक्त मास्तरणीच्या वेषात.

हे आमच्या घरात एका माणसाला नेमकं माहीत होतं. अब्बांचे चुलते. त्यांना आम्ही जहाजवाले दादा म्हणायचो. कोकणातल्या मुसलमानांची किती घरं जहाजावर जगली हे तुम्हाला मी सांगायला नको. गल्फच्या आधी जहाज होतं. दादा इंजिनरूममध्ये होते, तेल घालणारे. इंग्लंडच्या बंदरात त्यांनी स्पिटफायर पाहिली आणि ती त्यांच्या डोक्यात बसली. आपल्याकडे तेव्हा परदेशी गाडी आणणं म्हणजे सरकारी परवाने आणि गाडीच्या किमतीच्या वर जाणारी जकात. तेलवाल्याच्या पगारात ते बसणारं नव्हतं. १९८१ ला जहाज सोडून आले, मुंबईत एक जुनी हेरल्ड घेतली, आणि १९८३ साली महाडच्या एका गॅरेजात नेऊन सांगितलं, हिचं छप्पर काढा.

तिथे एक वीस वर्षांचा पोऱ्या होता. उस्तादाने माप दिलं आणि काम त्या पोऱ्याने केलं. छप्पर उतरवलं, मागची सीट झाकून तिच्यावर पत्रा चढवला, त्या पत्र्याला डोक्यामागे दोन उंचवटे ठोकून काढले, गॅसवर पितळी झाळ दिली. दरवाजामागच्या खांबांना खालून लोखंडी अँगलचे टेकू दिले. हूड शिवलं ते जीपचं हूड शिवणाऱ्याने, ताडपत्रीचं. अशी आमच्या तालुक्यातली एकुलती एक स्पोर्ट्स कार तयार झाली. वेग तोच, इंजिन तेच. पण छप्पर काढलं की चाळीसचा वेगसुद्धा ऐंशीसारखा वाटतो, हे कुणीही सांगेल.

एक जाता जाता सांगतो. हे वेड काही आमच्याच घरात नव्हतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची अख्खी छोटी गाडी स्वतः बनवली होती. पुढे सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची दोन आसनी गाडी आपल्या देशात निघाली, रेनॉचं इंजिन असलेली, ती किती जणांनी पाहिली? या गोष्टींची आपण नीट आठवणसुद्धा ठेवत नाही.

दादा गेले, गाडी १९९६ पासून शेडमध्ये बसली. आणि तो वीस वर्षांचा पोऱ्या म्हणजे आमचे मिस्त्री चाचा. आज साठी ओलांडलेले.

२२ जुलै २०२१ ची रात्र इथे कुणाला सांगायची गरज नाही. सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा चाचांचं गॅरेज पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर आत गुडघाभर चिखल. कॉम्प्रेसर गेला, वेल्डिंग मशीन गेलं. हत्यारं होती, पण चिखलातून काढेपर्यंत सगळी तांबडी झाली होती. चाचांनी गॅरेजचा भाडेपट्टा सोडला आणि लेकीकडे पोलादपूरला राहायला आले. तसा धंदा आधीच उतरला होता. पूर्वी कशेडी चढायच्या आधी आणि उतरल्यावर गरम झालेल्या गाड्या हमखास थांबायच्या. आता गाड्याही तशा तापत नाहीत आणि बोगदा झाल्यापासून घाटात कोण जातो?

मी त्यांच्याकडे गेलो तो गाडीसाठी. ते म्हणाले, गाडी नंतर, आधी माझी हत्यारं. म्हणून आमच्या प्रकल्पाची सुरुवात गाडीपासून झालीच नाही. पहिले दोन महिने आम्ही गंज काढला. त्याच्या दोन रीती सांगतो, घरी करता येतील अशा. एक काकवीची. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, त्यात पाने-हातोड्या बुडवून ठेवायच्या. वास सहन झाला तर दोन-तीन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. दुसरी विजेची. प्लास्टिकच्या टबात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार हत्याराला, धन तार एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला. गंज सुटतो. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि आसपास बिडी नको. आणि त्या पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

चाचांच्या हत्यारांत एक डॉली होती. पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा. तिची एक कड अशी झिजलेली की फक्त त्यांच्याच तळहातात बसेल. ती त्यांच्या उस्तादाची. टबातून ती निघाली तेव्हा ते काही बोलले नाहीत. खिशात घालून घरी घेऊन गेले.

आता गंजाबद्दल थोडं. आपल्या गावाचं नाव पोलादाचं आणि इथे टिकत नाही ते लोखंडच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेत चार महिने ओल. जुलैत उघडा केलेला पत्रा रात्रीत तांबूस होतो. म्हणून आमचं वेळापत्रक शेतकऱ्यासारखं होतं. दिवाळीनंतर पत्रा आणि रंग. पाऊस लागला की इंजिन, वायरिंग, कार्बोरेटर, म्हणजे घरात बसून करायची कामं. यूट्यूबवर अमेरिकेतला माणूस तुम्हाला सांगेल की पत्रा आज घासा, पुढच्या आठवड्यात प्रायमर मारा. त्याच्याकडे पोलादपूरचा जुलै नाही.

बॉडी चेसिसवरून उतरवायला आम्हाला चार माणसं आणि एक दुपार लागली, नटबोल्टांच्या कृपेने. चेसिस चांगली निघाली, फक्त दोन्ही बाजूंना बॉडी पेलणारे जे हात निघतात ते सडले होते. हेरल्डचं ते ठरलेलं दुखणं आहे, पाणी आणि चिखल तिथे साठतो. महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या टाक्यांना सँडब्लास्टिंग करणारे लोक आहेत, त्यांच्याकडून चेसिस साफ करून घेतली. चेसिसच फक्त. बॉडीचा पातळ पत्रा ब्लास्टिंगखाली तापतो आणि पापडासारखा वाकडा होतो, तो हातानेच खरवडायचा. आणि कुणी साध्या वाळूने ब्लास्टिंग करत असेल तर करू देऊ नका, त्या धुळीने फुप्फुसं जातात.

इंजिन जाम होतं. चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल ओतून महिनाभर ठेवलं, मग एक दिवस क्रँक हलला. बोअर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला. कोल्हापूरकरांना असल्या कामाचं काही वाटत नाही. तिथे ट्रॅक्टरपासून साखर कारखान्याच्या पंपापर्यंत सगळं येतं. पिस्टन चेन्नईहून आले, पुदुपेट बाजारातून. हेरल्ड मद्रासचीच, म्हणून तिचे सुटे भाग अजून तिथेच भेटतात. फोनवर, फोटोवर, माझ्या मोडक्या हिंदीत आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत.

जुनी गाडी आजच्या पेट्रोलवर चालवायची तर दोन कामं करावी लागतात. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीला सांभाळायचं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण बैठकी बसवून घेतल्या. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढतं. सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वायसर बदलले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो.

वायरिंग माझ्या धाकट्या बहिणीने केलं. ती शाळेत शिकवते, इंजिनिअर नाही. जुनं वायरिंग उंदरांनी खाल्लेलं होतं. तिने प्लायवुडच्या फळीवर खिळे मारले, जुन्या वेटोळ्याचा नकाशा त्यावर काढला आणि पावसाळाभर ओटीवर बसून नवीन जुडगा ओवला. रंगांचा नियम तिने पाठ केला. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थ. मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या, हे काय विणतेस? ती म्हणायची, गाडीची नस. पहिल्यांदा बटण दाबल्यावर दिवे लागले तेव्हा धूर निघाला नाही. ज्यांनी जुन्या गाडीचं वायरिंग केलंय त्यांना याचा अर्थ कळेल.

आता वाद.

पत्र्याचं काम सुरू करायच्या आधी मी मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या जाणकाराला फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही कापलेली गाडी आहे, हिला काही किंमत नाही. मूळ छप्पर शोधा, कारखान्यातून निघाली तशी करा, मग ती हेरल्ड. पुदुपेटमध्ये एक छप्पर होतंही. कायद्याचं बोटही तिकडेच होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, दहा वर्षांसाठी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुन्हा करताना ५,०००. आमची गाडी वयाने बसत होती, रूपाने नाही. छप्पर बसवलं की तेही बसलं असतं.

मी ठरवलं होतं की छप्पर बसवायचं नाही. माझ्या दृष्टीने साधा हिशोब होता. मद्रासच्या कारखान्यातून निघालेल्या हेरल्ड हजारोंनी होत्या. महाडच्या गॅरेजात वीस वर्षांच्या पोराने ठोकून काढलेली एकच आहे. दुर्मीळ कोणती?

मला वाटलं चाचांना आनंद होईल. चाचा म्हणाले, छप्पर मागव.

मी म्हटलं, चाचा, हे तुमचं काम आहे. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. मला काही येत नव्हतं तेव्हा. ती झाळ बघ, गाठी गाठी आहेत. लोक बघणार, विचारणार कुणी केलंय, तू माझं नाव सांगणार. चाळीस वर्षांनी माझी शोभा करतोस?"

दोन आठवडे काम बंद होतं. मी कोड लिहितो. माझा दहा वर्षांपूर्वीचा कोड कुणी मोठ्या पडद्यावर लावला तर मीही त्याला हात जोडीन. म्हणून त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण मला हेही दिसत होतं की ते उंचवटे, ते दोन, डोक्यामागचे, साच्याशिवाय, फक्त डोळ्याने आणि डॉलीने काढलेले आहेत. मी कागदी पट्टी लावून दोन्ही मापले. फरक दोन मिलिमीटरच्या आत. हे मी त्यांना दाखवलं तर म्हणाले, दोन मिलिमीटर फरक आहे ना?

मार्ग निघाला तो वजनाच्या प्रश्नातून. हेरल्डचं छप्पर फक्त ऊन-पाऊस अडवत नाही, बॉडीला ताठ धरतं. ते काढलं की दाराच्या जागी बॉडी लवते, दारं घासायला लागतात. ट्रायम्फने स्वतः १९६० साली बिनछपराची हेरल्ड काढली तेव्हा तिची चेसिस मजबूत केली होती. आमच्या गाडीत ते काम दरवाजामागच्या खांबांचे अँगल करत होते. आणि त्यातला डावा टेकू बुडाशी तडकला होता. चाचांनी टॉर्च धरून तो पाहिला, बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, "ज्या जोडावर वजन आहे तो मी नव्याने करणार, त्यात तू बोलायचं नाहीस. ज्याच्यावर वजन नाही तो तुला ठेवायचा तर ठेव."

हा निकष मी तेव्हापासून ऑफिसातही वापरतो, पण ते जाऊ दे.

खांबांचे चारही टेकू कापून काढले. नवे जाड पत्र्याचे, पेटीसारखे बंद केलेले बसवले, चेसिसच्या नव्या हातांवर थेट बोल्ट घेऊन. मापं मी संगणकावर काढली, कापणी आणि मिग वेल्डिंग चाचांनी केलं. दारं आता एका बोटाने लागतात. मागचा उंचवट्यांचा पत्रा तसाच ठेवला. गंजलेले दोन तुकडे बदलले, बाकी १९८३ चा. डिकी उघडली की आतल्या बाजूने ती पितळी झाळ दिसते, तिच्यावर रंग मारलेला नाही, नुसतं पारदर्शक लॅकर. गाठी आहेत. चाचा अजूनही डिकी उघडली की मान फिरवतात.

रंग तात्यांनी केला, महाडचे जुने पेंटर. आम्ही मुद्दाम जुना ड्यूको रंग घेतला. हल्लीच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, त्याने कायमचा दमा लागतो. आणि इथे जे गॅरेजात काम करतात त्यांना हात जोडून सांगतो. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवेच्या नळीने फुंकून साफ करायची आपली सवय आहे, ती सोडा. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ड्यूकोच्या थिनरनेही डोकं धरतं, त्यालाही शेडची दारं उघडी हवीत आणि नीट मास्क हवा. तात्यांनी तो माझ्या आग्रहाखातर लावला आणि दिवसभर मला शिव्या दिल्या.

कागदाचं म्हणाल तर 'व्हीए' क्रमांकाचा नाद सोडला. सुदैवाने दादा जहाजावर कागदाला महत्त्व द्यायला शिकले होते. १९८३ मध्येच त्यांनी बदलाची नोंद गाडीच्या पुस्तकात करून घेतली होती, हाताने लिहिलेली, शिक्का मारलेली. ही एक ओळ नसती तर गाडी आज शेडमध्येच असती. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या रचनेतले मनमानी बदल मान्य करत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. तुमच्यापैकी जे बुलेटचे सायलेन्सर बदलतात, त्यांनीही हे वाचून ठेवावं. मग पेणच्या आरटीओत जुन्या पुस्तकाची नोंद आधी संगणकात चढवून घेणं, चेसिस नंबरचा पेन्सिलीने छाप, तपासणी, पर्यावरण कर. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची फेरनोंदणी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. पाच वर्षांची मुदत मिळते. जुनी गाडी हा स्वस्त छंद नाही. साडेतीन वर्षांत साडेचार लाखांच्या वर गेले, आणि त्यात चाचांची मजुरी आहे. ती मी पहिल्या दिवसापासून रोजावर दिली. 'आपलाच माणूस' म्हणून कारागिराकडून फुकट काम करून घ्यायची जी आपली पद्धत आहे, तिचा मला राग आहे.

आता हे सगळं मी इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे का सांगतोय? माझ्याकडे पदवी आहे. चाचा सातवी. तडकलेला टेकू त्यांनी हातोडीचा आवाज ऐकून आधीच ओळखला होता, टॉर्च नंतर आली. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. उस्तादाने त्यांना लिहून दिलं नाही, ते त्यांच्या मुलाला देऊ शकले नाहीत, कारण मुलगा सौदीत एका गोदामात आहे आणि त्याला हे काम 'काळ्या हातांचं' वाटतं. हा शब्द त्याला आपणच शिकवला. आपल्या सभांमध्ये आपण शिका शिका म्हणतो, बरोबरच म्हणतो, मी त्याचाच लाभार्थी आहे. पण म्हणताना हात 'तसल्या' कामाकडे दाखवतो, गॅरेजकडे, वेल्डिंगकडे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि कारागिरीत आहेत. ते आपण दरवेळी मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो. त्यात किती कसब आहे, याचा हिशोब कुणी केला?

सरकारचंही तेच. सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना आली, अठरा पारंपरिक धंद्यांसाठी. त्यात लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, होडी बांधणारा आहे. मोटारीचा पत्रा ठोकणारा नाही. कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. गॅरेजवाल्या तरुणांनी ते जरूर घ्यावं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि गल्फला जाताना कामाला येतं. मी चाचांना विचारलं, तुमच्यासाठी अर्ज भरू का? म्हणाले, परीक्षा घेणाऱ्याला आधी माझ्याकडे पाठव.

म्हणून आम्ही दुसरं एक काम चालवलंय. गाडीच्या प्रत्येक कामाचे फोटो आणि चाचांचं बोलणं मी साठवत गेलो. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, पत्रा तापला की थांबायचं कुठे, पाटा किती बसला की बदलायचा. एकशे चाळीस फाइल झाल्यात. सुरुवातीला ते रेकॉर्डिंग चालू केलं की शुद्ध मराठी बोलायला लागायचे, बातम्यांसारखं. आता विसरतात. बहीण ते उतरवून काढते, जसंच्या तसं, आमच्या कोकणी बोलीत. चाचांनी एकच अट घातली आहे. उस्तादाचं नाव पहिलं आलं पाहिजे.

आता गाडी कशी चालते, हे तुम्ही विचारणारच. सपाट रस्त्याला गोड. पंचवीस फुटांत वळते, म्हणजे आपल्या बाजारपेठेत रिक्षासारखी. घाटात मात्र तिला मान द्यावा लागतो. हेरल्डच्या मागच्या दोन चाकांना सरळ एकसंध आस नाही. मधल्या डिफरन्शियलपासून दोन्हीकडे दोन दांडे झुलतात आणि वर आडवा पाटा. वळणावर वेगात असताना घाबरून एकदम पाय काढला की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि शेपूट फिरते. म्हणून नियम असा की वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय हलका पण लावलेला ठेवायचा. आंबेनळीत मी तिला पहिल्यांदा नेली तेव्हा चाचा शेजारी बसले होते. महाबळेश्वरपर्यंत दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. वर पोचल्यावर उतरले, डाव्या खांबाशी वाकून टेकूला हात लावला, गरम आहे का पाहिलं, आणि म्हणाले, मागचा पाटा एक पान जास्त मागतोय.

ते पान अजून घालायचं आहे. कोल्हापूरला सांगून ठेवलंय. हूडही जूनच्या आधी शिवून झालं पाहिजे, कारण जीपचं हूड शिवणारे ते गृहस्थ आता नाहीत आणि त्यांच्या सुनेला माप नव्याने घ्यावं लागणार आहे. ती पुढच्या रविवारी येतेय. ज्यांना गाडी पाहायची आहे, डॉली हातात धरून पाहायची आहे, त्यांनी त्या दिवशी सकाळी दहानंतर यावं. चाचा असतील. डिकी मात्र त्यांच्यासमोर उघडू नका.